जुनी कॉर्व्हेट कन्व्हर्टिबल घ्यायची आहे? आधी गाडीखाली आडवे व्हा

फोटोत ती नेहमीच देखणी दिसते. छत उघडं, क्रोम चकाकतंय, मागे विटांची जुनी भिंत नाहीतर मक्याचं शेत, आणि खाली ठरलेली ओळ: 'फुल्ली रिस्टोर्ड, नंबर्स मॅचिंग' (म्हणजे इंजिनावरचे नंबर गाडीच्या नंबराशी जुळणारे, इंजिन मूळचंच). अमेरिकेत राहणारी आपली बरीच मंडळी मुलं कॉलेजला गेली की अशा जाहिराती चाळायला लागतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, म्हणजे ज्यांनी आयुष्यभर होंडा-टोयोटा चालवली आणि आता पहिल्यांदाच साठ वर्षं जुनी गाडी घ्यायला निघालेत त्यांच्यासाठी. मी इथे फक्त १९६३ ते १९६७ या पाच वर्षांतल्या शेवरोले कॉर्व्हेट कन्व्हर्टिबलबद्दल लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची असते. तिला गंज लागत नाही. पण ती बॉडी ज्या चासीवर आणि ज्या पोलादी सांगाड्यावर बसते, त्यांना लागतो. म्हणजे या गाडीत जे दिसतं ते सहसा कुजत नाही, आणि जे कुजतं ते दिसत नाही. विकणारा पॉलिश मारतो ते दिसणाऱ्या भागाला. पैसे तुम्ही मोजता ते पूर्ण गाडीचे.

आधी वर्ष ठरवा

कॉर्व्हेट जन्मली १९५३ मध्ये. त्या वर्षी मिशिगनमधल्या फ्लिंटला जेमतेम ३०० गाड्या बनल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोन गिअरची ऑटोमॅटिक पेटी. स्पोर्ट्स कार म्हणवणाऱ्या गाडीला हे शोभत नव्हतंच. व्ही-८ इंजिन आलं १९५५ मध्ये, आणि झोरा आर्कस-डंटव्ह या इंजिनिअरने पुढच्या काही वर्षांत तिला खरी धावणारी गाडी बनवलं. १९६२ पर्यंतची ही पहिली पिढी. दिसायला लाजवाब, पण मागचा ॲक्सल एकसंध, त्यामुळे खड्ड्यात गाडी उडते.

१९६३ ला स्टिंग रे आली. मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं, दिवे मोटरवर फिरून नाकात लपायला लागले. इथले शौकीन या पाच वर्षांच्या गाड्यांना 'मिड-इयर' म्हणतात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण हिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा बनून मिळतो. याच सोयीची दुसरी बाजू पुढे येईलच.

या पाच वर्षांतही फरक आहेत. १९६४ पर्यंत चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, १९६५ पासून डिस्क आले. १९६५ च्या मध्यावर ३९६ क्युबिक इंचांचं बिग-ब्लॉक, म्हणजे मोठ्या आकाराचं, इंजिन आलं, १९६६ ला ते ४२७ झालं. बिग-ब्लॉकचा रुबाब काही वेगळाच, पण इंजिन जड, नाक जड, उन्हाळ्यातल्या ट्रॅफिकमध्ये तापण्याची खोड आणि किंमत बरीच वर. पहिली गाडी असेल तर १९६५ किंवा ६६ ची, ३२७ क्युबिक इंचांच्या इंजिनाची, ३०० किंवा ३५० हॉर्सपॉवरची, चार गिअरची मॅन्युअल घ्या. चालवायला हीच सगळ्यात सुखाची.

विकणारा 'कन्व्हर्टिबल आहे, दुर्मीळ आहे' म्हणाला तर मान डोलवू नका. १९६५ ला एकूण २३,५६२ कॉर्व्हेट बनल्या, त्यातल्या १५,३७६ कन्व्हर्टिबल होत्या. उरलेल्या ८,१८६ कूप, म्हणजे पक्क्या छताच्या. पाचही वर्षांत उघड्या छताच्याच गाड्या जास्त बनल्या. कन्व्हर्टिबल मजेसाठी घ्यायची असते, दुर्मीळ म्हणून नव्हे.

जाहिरातीची भाषा

'रिस्टोर्ड' या शब्दाला कायद्याने ठरवलेला अर्थ नाही. नवा रंग आणि नव्या सीट टाकलेली गाडीही रिस्टोर्ड, आणि शेवटचा बोल्ट खोलून पुन्हा बांधलेलीही रिस्टोर्डच. 'फ्रेम-ऑफ' म्हणजे बॉडी चासीवरून उचलून दोन्हींवर वेगवेगळं काम केलेली. हा दावा असेल तर फोटो असायलाच हवेत: उघडी चासी, उचललेली बॉडी, आणि त्या फोटोंत ओळखीची एखादी खूण, म्हणजे ते याच गाडीचे आहेत हे कळेल. काम कोणी केलं, पावत्या कुठे आहेत, आणि मुख्य म्हणजे केव्हा केलं हे विचारा. पंचवीस वर्षांपूर्वीचं रिस्टोरेशन वरून अजून सुरेख दिसतं, पण त्या वेळी टाकलेले रबरी होज, ब्रेकची सीलं, बुश हे सगळं आता म्हातारं झालेलं असतं.

'रेस्टोमॉड' म्हणजे जुन्या बॉडीखाली आधुनिक इंजिन आणि सस्पेन्शन. वाईट काहीच नाही, पण तो वेगळा बाजार आहे. 'ड्रायव्हर क्वालिटी' म्हणजे दहा फुटांवरून छान. नवख्याला हीच परवडते आणि हीच खरी वापरली जाते. एनसीआरएस, म्हणजे १९७४ साली स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी, गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का हे गुणांनी तपासते. ९४ टक्के किंवा जास्त मिळाले तर 'टॉप फ्लाइट'. असा पुरस्कार असेल तर कोणत्या वर्षी मिळाला ते बघा. वीस वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र त्या दिवशीच्या गाडीचं होतं.

कागद

टायटल म्हणजे गाडीचा सातबारा. त्यावरचं नाव आणि समोर उभ्या माणसाचं नाव एकच आहे ना हे पहिल्या भेटीत बघा. 'मी अजून माझ्या नावावर केली नाही, थेट तुमच्याच नावावर करू' असं ऐकलं की तिथेच थांबायचं. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात टायटलवर विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, त्यामुळे लिफाफ्यात आधीच सही करून ठेवलेलं टायटल तिथे उपयोगाचं नाही.

मग टायटलवरचा व्हीआयएन (कारखान्याने प्रत्येक गाडीला दिलेला ओळख क्रमांक) आणि गाडीवरचा व्हीआयएन आकडा न् आकडा जुळवा. या गाड्यांत ती पट्टी डॅशबोर्डखाली, ग्लोव्हबॉक्सच्या खालच्या पोलादी पट्टीवर असते. ड्रायव्हरशेजारच्या सीटचा दरवाजा उघडून खाली वाकावं लागतं. १९६५ पासूनचा नंबर असा वाचायचा: १९४ म्हणजे शेवरोले कॉर्व्हेट, ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल (कूप असेल तर ३७), मग वर्षाचा शेवटचा आकडा, मग सेंट लुईसच्या कारखान्याचं 'एस' अक्षर, आणि शेवटी सहा आकडी अनुक्रमांक. १९६५ चा अनुक्रमांक १००००१ पासून १२३५६२ पर्यंत जातो. यापलीकडचा आकडा दिसला तर चहा पिऊन घरी या.

पट्टी कशी बसवली आहे हेही बघा. तिच्याभोवती ताजा रंग, ओरखडे, बाजारातले साधे रिव्हेट दिसले तर सावध व्हा. कॅन्ससमध्ये काय झालं ते सांगतो. एका माणसाने इंडियानातून १९५९ ची रिस्टोर केलेली कॉर्व्हेट कन्व्हर्टिबल घेतली आणि २०१७ मध्ये नोंदणीसाठी तपासणीला नेली. पूर्वी कोणीतरी रंग देताना व्हीआयएनची पट्टी काढून पुन्हा बसवली होती. तेवढ्यावरून राज्याने गाडी जप्त केली, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ती नष्ट करायची वेळ आली. घेणारा निर्दोष आहे याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं, तरी कोर्टात वर्षं गेली. २०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने जुन्या गाड्यांसाठी कायदा बदलला, त्यानंतर कुठे गाडी मालकाकडे परत जाण्याची वाट मोकळी झाली. पट्टीबद्दल शंका असेल तर पैसे देण्याआधी आपल्या राज्याच्या मोटार खात्याला विचारा.

इंजिनावरचे नंबर

इथे जरा निवांत वेळ काढा, कारण किमतीतला सगळ्यात मोठा फरक इथेच आहे. या काळातल्या कॉर्व्हेटच्या व्हीआयएनमध्ये इंजिन कोणतं होतं हे लिहिलेलंच नाही. म्हणजे साध्या ३२७ ची गाडी घेऊन तीत बिग-ब्लॉक बसवलं, बॉनेट बदललं, तर व्हीआयएन काही बोलत नाही. आणि सुटे भाग तर सगळे बाजारात मिळतातच.

पुरावा असतो तो इंजिनावर. गाडीच्या पुढे उभं राहून बॉनेट उघडा. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या अंगाचं सिलिंडर हेड जिथे संपतं, त्याच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट छोटी जागा आहे. तिला पॅड म्हणतात. तिथे दोन नंबर ठोकलेले असतात. एक, गाडीच्या वर्षाचा आकडा आणि अनुक्रमांक, जो व्हीआयएनशी जुळायला हवा. दुसरा इंजिनाचा: उदाहरणार्थ एफ०३१४एचटी. एफ म्हणजे फ्लिंट, ०३१४ म्हणजे १४ मार्चला जुळणी, एचटी म्हणजे ३५० हॉर्सपॉवरचं ३२७. बिग-ब्लॉक न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाचं, म्हणून तिथे टी अक्षर.

याशिवाय ब्लॉक ओतला त्या दिवसाची तारीख लोखंडातच उमटलेली असते. महिना अक्षरात: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी. 'बी २६ ५' म्हणजे २६ फेब्रुवारी १९६५. ब्लॉक आधी ओतला, मग इंजिन जुळलं, मग गाडी बनली. हा क्रम उलटा दिसला, म्हणजे एप्रिलमध्ये बनलेल्या गाडीत मे महिन्याचं इंजिन निघालं, तर पुढचं बोलणंच नको.

आता बारकावा. कारखान्यात तो पॅड सपाट करताना कापणाऱ्या अवजाराच्या बारीक, सरळ, एकमेकींना समांतर रेषा पुढून मागे उमटत. आकडे त्या रेषांवर ठोकलेले असतात. कोणी जुने आकडे घासून नवे ठोकले की त्या रेषा नाहीशा होतात, पॅड एकतर आरशासारखा गुळगुळीत होतो नाहीतर वर्तुळाकार ओरखडे दिसतात. पॅडवरचं तेल फडक्याने पुसा, टॉर्च आडवा धरा, म्हणजे उजेड घासून जाईल, आणि मोबाइलवर जवळून फोटो काढा. इंजिन बोअर करताना वर्कशॉपने सरळ मनानेही पॅड घासलेला असू शकतो, तेव्हा लगेच चोर ठरवू नका. फक्त 'नंबर्स मॅचिंग'चे जादा पैसे देऊ नका. फोटो एनसीआरएसच्या एखाद्या अनुभवी परीक्षकाला दाखवले तर मत मिळतं. १९६७ च्या गाडीत पेट्रोलच्या टाकीवर कारखान्याचा कागद चिकटलेला असायचा, त्यावर इंजिनासकट सगळे पर्याय छापलेले. तो शाबूत निघाला तर लॉटरीच.

व्हीआयएनजवळच दुसरी पट्टी असते, ट्रिम टॅग. तिच्यावर मूळ रंग आणि आतल्या सजावटीचे कोड असतात. १९६५ साठी एफएफ म्हणजे नॅसॉ ब्लू, यूयू म्हणजे रॅली रेड. आज रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी लाल कॉर्व्हेट जन्मतः लाल नव्हत्या. रंग बदललेला असला तर किंमत उतरते, चालवायला काही फरक पडत नाही. स्वस्तात छान गाडी हवी असेल तर हा मार्ग चांगलाच आहे.

बॉडी

आपल्याकडे रंगाखाली लांबी (पुट्टी) किती मारलीय बघायला लोक लोहचुंबक फिरवतात. इथे तो खिशातच ठेवा, फायबरला तो चिकटत नाही. त्याऐवजी चाकांच्या कमानींत हात घाला आणि बॉडीची आतली बाजू चाचपा. कारखान्याचे पॅनल साच्यात दाबून बनवलेले, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. हाताने थर देऊन बनवलेला बदली पॅनल आतून खरखरीत, दोऱ्या दिसणारा. पॅनल जिथे जोडतात तिथे आतून जोडपट्ट्या असतात. त्या गायब असतील किंवा तिथे फायबरची चापटलेली ठिगळं असतील तर पुढचं नाक कधीतरी ठोकलेलं आहे. साठ वर्षांत एखादा अपघात झालेला असणारच. प्रश्न फक्त दुरुस्ती कशी झाली एवढाच.

रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतात का, विशेषतः दिव्यांच्या आणि दरवाजांच्या कोपऱ्यांत, ते बघा. नुसता रंग मारून त्या जात नाहीत, पुन्हा वर येतात.

चासी आणि पिंजरा

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय व्यवहार करू नका. लिफ्ट नसेल तर जॅक आणि भक्कम स्टँड लावून खाली आडवे व्हा. मागच्या चाकांच्या अगदी पुढे चासीचे दोन्ही दांडे वर वळतात. त्या बंद पेटीसारख्या दांड्यात चिखल आणि बर्फावर टाकायचं मीठ साठतं आणि लोखंड आतून खातं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. निकोप लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. काळं अंडरकोटिंग नुकतंच फासलेलं असेल तर ते का फासलं हे विचारा. उत्तर देताना माणूस कुठे बघतो तेही बघा.

दुसरी जागा जास्त कपटी. विंडशील्ड, दरवाजे आणि बॉडीचा मधला भाग ज्या पोलादी सांगाड्यावर उभा असतो त्याला इथे बर्डकेज म्हणतात. काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, खांबांतून खाली उतरतं आणि तळाशी थांबतं. कन्व्हर्टिबलमध्ये तर जुन्या छतातूनही पाणी येतं. पायाजवळचे बाजूचे प्लास्टिकचे पॅनल स्क्रू काढले की निघतात. ते काढायची परवानगी मागा आणि टॉर्च मारा. वरवरचा तांबूस थर चालेल. पापुद्रे सुटत असतील, बोट लावल्यावर भुगा पडत असेल, तर ती दुरुस्ती म्हणजे बॉडी उचलणं आलं. अशी गाडी नवख्याने फुकटातही घेऊ नये असं माझं मत आहे. 'पॅनल काढू देणार नाही' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

चालवून बघा

येण्याआधी फोन करून सांगा, 'इंजिन गरम करून ठेवू नका'. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर लपवतं. सुरू होताच निळा धूर येऊन विरला तर व्हॉल्व्हची सीलं गेलीत, सतत येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. तेलाचा दाब बघा. मग निदान अर्धा तास चालवा, त्यात मुद्दाम सिग्नलवर थांबायला लागेल असा रस्ता घ्या आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा.

मागची चाकं जमिनीवरून उचललेली असताना वर-खाली पकडून हलवा. चाक सैल हललं तर बेअरिंग झिजलेली. मागच्या ट्रेलिंग आर्ममधली, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यातली, ही बेअरिंग घरच्या पान्याने निघत नाहीत, त्यासाठी खास हत्यारं लागतात आणि बिल मोठं येतं. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये गंज चढून तेल गळण्याचा रोग या गाड्यांना जुनाच आहे. आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवली की तो थांबतो. ते काम झालंय का, पावती आहे का, विचारा. दिवे बटण दाबून फिरवा, दोन्ही बरोबर उलटतात का बघा. कापडी छत तुमच्या हाताने चढवा आणि उतरवा. मागची खिडकी प्लास्टिकची असते, ती पिवळी पडली असेल तर बदलावी लागेल. डिकीला बाहेरून झाकण नाही, सामान सीटच्या मागून कोंबायचं, हे बायकोला आधीच सांगून ठेवा.

पैसे, विमा, वाहतूक

किंमत बघायला हॅगर्टी या विमा कंपनीचे दर उपयोगी पडतात. तिथे एकाच गाडीचे प्रतीप्रमाणे एक ते चार असे भाव असतात. प्रत्येक विकणारा स्वतःची गाडी एक किंवा दोनमध्ये धरतो. चालवण्याजोगी चांगली गाडी सहसा तीनमध्ये असते. ठरलेल्या किमतीच्या वर दहा-पंधरा टक्के पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला बाजूला ठेवा, आणि जिथे राहता त्या राज्याचा विक्रीकर विसरू नका. पहिल्याच खेपेला लिलावात जाऊ नका. गाडी चालवून बघता येत नाही, दोन मिनिटांत हातोडा पडतो आणि वर घेणाऱ्याची फी लागते. ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलला कॉर्व्हेटचा मोठा मेळा भरतो, तिथे आधी एक पूर्ण दिवस नुसतं हिंडा. एकाच वर्षाच्या कितीतरी गाड्या एकाच ठिकाणी बघितल्या की डोळा तयार होतो.

गाडी दूर असेल तर स्वतंत्र कॉर्व्हेट तज्ज्ञाला पैसे देऊन तपासणी करून घ्या. तो विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. इसार द्यायचा तर 'तपासणीत नापास झाली तर परत' असं लिहून घेऊनच. उरलेली रक्कम बँकेत समोरासमोर, टायटल हातात पडताना.

विमा नेहमीच्या कंपनीकडचा नको. तिथे जुन्या गाडीची किंमत घसरलेली धरतात. जुन्या गाड्यांच्या कंपन्या 'ॲग्रीड व्हॅल्यू' देतात, म्हणजे रक्कम आधीच ठरलेली. त्यासाठी बंद गॅरेज आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी असावी लागते. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात पंचवीस वर्षांपलीकडच्या गाडीला वेगळी नंबरप्लेट मिळते, पण मग रोज ऑफिसला नेता येत नाही. पुढेमागे गाडी पुण्याला न्यायचं स्वप्न असेल तर सीमाशुल्क आणि डाव्या स्टेअरिंगचा विषय आधी तिथल्या जाणकारांकडून समजून घ्या. त्या भरवशावर खरेदी करू नका.

वाहतूक बंद ट्रकमधून. विमा ट्रक निघायच्या आदल्या दिवशी सुरू झालेला असू द्या. गाडी दारात उतरली की ड्रायव्हर कागद पुढे करेल, त्याला घाई असेल. सही करण्याआधी चारही बाजू, पुढचं नाक खालून आणि छताचं कापड यांचे फोटो काढा, आणि नवा ओरखडा दिसला तर तो त्याच कागदावर त्याच्यादेखत लिहा.